गृहीतक आधी लिहायचं असतं

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, "तुम्ही इतकी वर्षं कांद्यात घालवलीत, तर दिवाळी अंकासाठी काहीतरी हलकंफुलकं द्या. डोळ्यांतून पाणी काढणारं नको."

प्रयत्न करतो. गमती माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण त्या सगळ्यांच्या मधोमध एक बाई पाय दुमडून, हातात विळा घेऊन बसलेली आहे, आणि तिला ओलांडून मला पुढे जाता येत नाही. तिचं नाव अनसूयाबाई पगारे. आमच्या संशोधन केंद्रावर ती रोजंदारीने कामाला होती. तिची नोकरी कायम होणं माझ्या हातच्या एका ओळीवर अवलंबून होतं, आणि ती ओळ मी लिहिली नाही. हे मी आजवर तिच्याशिवाय कोणालाही सांगितलेलं नाही. घरी समजतात की मी मुळातच अबोल आहे.

आधी कामाबद्दल. नाशिकहून बसने अर्ध्या तासावर आमचं केंद्र होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे संशोधन सहायक म्हणून लागलो. माझे वडील मनमाडला रेल्वेत होते. पहिल्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "नक्की करतोस काय तू?"

"उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवतो, आणि दिवाळीपर्यंत त्यातला किती सडतो ते मोजतो."

वडील म्हणाले, "एवढं तर आपल्या घरीपण होतं." शेजाऱ्यांना मात्र ते 'मुलगा शेतीखात्यात आहे' एवढंच सांगत.

आमचे प्रमुख गद्रेसाहेब. पुण्याचे, सडपातळ, जाड भिंगांचा चष्मा. त्यांच्या टेबलावर एक लांबट नोंदवही असायची, पानांवर छापील आकडे असलेली. प्रयोग कोणताही असो, कांद्याला हात लावण्याआधी त्या वहीत शाईने गृहीतक लिहायचं, असा त्यांचा दंडक. गृहीतक म्हणजे काय, तर या प्रयोगातून काय निघेल असं तुम्हाला वाटतं, ते एका वाक्यात. आधी. निकाल लागल्यावर 'मला वाटलंच होतं' असं सगळेच म्हणतात. आधी लिहून ठेवलं की तसं म्हणता येत नाही, एवढाच त्यातला मुद्दा. केंद्रावरच्या बाया त्याला 'साहेबांचं गिरीतक' म्हणत. गद्रेसाहेबांनी ते कधी सुधारलं नाही.

मी गृहीतक लिहून नेलं की ते चष्मा वर करून वाचत आणि दर वेळी तोच प्रश्न विचारत, "निकम, याला हरायला जागा ठेवलीय का?"

हा प्रश्न मला पहिली दोन वर्षं कळलाच नाही. तो कळला एका निवृत्त हवालदारामुळे.

हे गृहस्थ देवळाली कॅम्पात राहायचे. एक दिवस कडक इस्त्रीच्या कपड्यांत, सायकलला दोन टोपल्या बांधून आले. म्हणाले, त्यांच्या घरच्या कांद्यांना अवेळी कोंब फुटतात, आणि त्याला कारण आहे तोफा. सरावाच्या वेळी जमीन हादरते, कांद्याची झोप मोडते, तो उठतो. मला हसू आलं. गद्रेसाहेबांना नाही आलं. हवालदारांनी खिशातून कागद काढला. त्यावर तारखेनिशी लिहिलेलं होतं की, एकाच वाफ्यातल्या कांद्यांपैकी अर्धे कॅम्पात ठेवीन, अर्धे तोफा नसलेल्या गावी बहिणीकडे पाठवीन, आणि बहिणीकडच्या कांद्यांना कोंब कमी फुटतील.

"बघा निकम," गद्रेसाहेब म्हणाले, "यांनी आधी लिहून आणलंय."

तीन महिन्यांनी हवालदार पुन्हा आले. दोन्ही टोपल्यांत सारखेच कोंब. मी जरा जास्तच सहानुभूतीने म्हणालो, "म्हणजे तुमचं गृहीतक हरलं."

"हरलं कुठे? बहीण मनमाडला असते ना. तिथे रात्रंदिवस गाड्या धडधडतात. तिथली जमीनपण हादरते."

ते गेल्यावर गद्रेसाहेब म्हणाले, "आता कळलं? तोफ नसेल तर रेल्वे, रेल्वे नसेल तर पिठाची गिरणी. जे हरूच शकत नाही ते जिंकलं, याला काही अर्थ नसतो." मग म्हणाले, "पण माणूस चांगला. तुमच्यापेक्षा अक्षरही बरं."

दुसरी अडचण शून्य गृहीतकाची. प्रयोगशास्त्रात सुरुवात उलटी करायची असते. दोन पद्धतींत फरक पडणार नाही, असं आधी धरून चालायचं, आणि मग कांद्यानेच ते खोटं पाडायचं. न्यायालयात आरोपीला आधी निर्दोष धरतात तसंच. पण हे गावात समजावून सांगणं म्हणजे दिव्य. चांदवडकडच्या एका गावात काशिनाथअण्णा नावाचे बागायतदार स्वतःच्या शेतात आमचा प्रयोग लावायला तयार झाले. त्यांनी मारुतीच्या पारावर सगळं गाव जमवलं, सगळ्यांना चहा दिला. गद्रेसाहेबांनी मला गृहीतक वाचायला सांगितलं. मी उभा राहून खणखणीत आवाजात वाचलं, "रोपांमधील अंतर कमीजास्त केल्याने कांद्याच्या टिकाऊपणात काहीही फरक पडणार नाही."

काशिनाथअण्णांनी कप खाली ठेवला.

"फरक पडणार नाय?"

"नाही. म्हणजे, तसं धरायचं."

"आसं तुमीच लिहून आणलंय?"

"हो."

"मग आलात कशाला एवढ्या लांब? पोष्टानं कळवायचं व्हतं."

मागून कोणीतरी म्हणालं, "अण्णा, सरकारला सवय हाय. फरक पडणार नाय हे त्यान्ला आधीच ठावं असतं. यांनी निदान लिहून तरी दिलं." गाव हसलं. गद्रेसाहेबही हसले, आणि परतीच्या बसमध्ये मला म्हणाले, "पुढच्या वेळी शून्य मनात ठेवा. मोठ्याने वाचायचं ते दुसरं, फरक पडेल म्हणणारं."

त्याच गावात, कोणत्या वाफ्यात काय लावायचं हे ठरवायला आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठ्या यासाठी, की चांगली जमीन आपल्या आवडत्या पद्धतीच्या वाट्याला मुद्दाम जाऊ नये. माणूस प्रामाणिक असला तरी त्याचा हात नसतो, असं गद्रेसाहेब म्हणत. लोकांना वाटलं सोडत आहे. पहिल्या वाफ्याची चिठ्ठी निघाली तेव्हा काशिनाथअण्णांच्या घरातून पेढे आले.

आता मी त्या वर्षाकडे येतो.

आणीबाणीचा काळ होता. सगळी कचेरी वेळेवर येत होती, त्यामुळे वेळेवर येऊन करायचं काय, असा प्रश्न पडला होता. गद्रेसाहेब जूनअखेर निवृत्त होणार होते. मे महिन्यात त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की, या वर्षी रोजंदारीवरच्या दोघांना कायम करायला मंजुरी मिळणार आहे. अनसूयाबाईला तिथे पाच वर्षं झाली होती. ती शहरातल्या बौद्धवाडीतून रोज पहिल्या बसने यायची. नवरा गिरणीत होता, तो खोकल्याने घरी बसलेला. चौथीपर्यंत शिकली होती आणि अक्षराखाली बोट ठेवून पोत्यावरची प्रत्येक चिठ्ठी वाचायची. कायम झाली असती तर तिला रजा मिळाली असती, दवाखाना मिळाला असता, आणि पाऊस लागून काम बंद पडलं तरी चूल बंद पडली नसती. त्या दिवशी सभा संपल्यावर ती मला म्हणाली, "निकमसाहेब, माझ्या नावाचं ध्यानात ठेवा बरं का."

"ठेवीन की," मी म्हणालो. अगदी मनापासून.

त्या हंगामातला प्रयोग माझा स्वतःचा, पहिलाच. कांदा चाळ म्हणजे बांबूच्या ताट्यांची लांबट, हवेशीर खोली. तिच्या तळाला काय असावं, नुसता बांबू, विटा की उसाचं पाचट, एवढाच प्रश्न. चाळीत चार ओळी, प्रत्येक ओळीत तीन खण. कोणत्या खणात कोणता तळ याच्या चिठ्ठ्या टाकल्या. नोंदवहीच्या सतराव्या पानावर मी लिहिलं, 'तळाला पाचट अंथरलेल्या खणांत सड इतर दोन प्रकारांपेक्षा कमी राहील.' गद्रेसाहेबांनी वाचलं.

"हरायला जागा?"

"आहे, साहेब."

मी पेन पुढे केलं. म्हणालो, सही करता का. ते म्हणाले, "कशाला? तुमच्यावर विश्वास नाही असा अर्थ होईल त्याचा."

ऑक्टोबरात चाळ उघडली. सडका कांदा वजन करताना जो वास येतो, त्याच्याबद्दल दिवाळी अंकात लिहू नये. आकडे मांडून बघितले तर पाचट, विटा, बांबू, सगळे सारखे. माझं गृहीतक सपशेल आडवं. पण एक गोष्ट विचित्र होती. दाराजवळच्या चौथ्या ओळीत, तळ कोणताही असो, तिन्ही खणांत सड इतर ओळींच्या निम्म्याहूनही कमी. दोन दिवस मी त्या ओळीवर वारा कुठून येतो, ऊन किती पडतं, हेच बघत होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की चार ओळी चार बायांनी भरल्या होत्या. पात कापून कांदा खणात टाकायचं काम त्यांचं. कोणी कोणती ओळ भरायची हे त्यांनी आपसांत ठरवलं होतं. आम्ही तळाच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या, बायांच्या टाकल्या नव्हत्या. त्यांना आम्ही गृहीतच धरलं होतं.

चौथी ओळ अनसूयाबाईची. मी तिच्याकडे गेलो.

"अनसूयाबाई, तुमच्या ओळीत सड कमी कशी?"

"कमी हाय का?"

"निम्म्याहून कमी."

"मग चांगलंच की. तुमचं तोंड का आसं उतरलंय?"

"तुम्ही वेगळं काय केलंत?"

तिने ढिगातला एक कांदा उचलून माझ्यासमोर धरला. "ही बघा मान. या तिघी पार गळ्यापासून छाटत्यात. हात लवकर उरकतो ना. म्या दीड बोट मान ठेवते. मान म्हंजे कांद्याचं दार हाय, साहेब. ते वाळून आपलंआपण मिटतं. छाटून टाकलं तर दार उघडंच राहतं. मग आत कोणपण शिरंल."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायचं कोणी? पाच वर्षं सडका कांदा मीच वेचते ना. सड कुठनं सुरू हुती ते दिसतं. मानेपासनंच."

पाच वर्षं मीही तिथेच होतो. मी सड मोजत होतो, ती बघत होती.

आता करायचं काय हे स्पष्ट होतं. वहीत लिहायचं की गृहीतक हरलं. आणि नव्या पानावर नवं गृहीतक मांडायचं, अनसूयाबाईचं, आणि पुढच्या हंगामात ते तपासायचं. एक वर्ष थांबायचं, एवढंच. पण डिसेंबरात वरून समिती येणार होती. गद्रेसाहेबांच्या जागी आलेले नवे साहेब रोज विचारत होते, "निकम, दाखवण्यासारखं काही निघालं का?" आणि 'पाचटाने काही होत नाही' हे दाखवण्यासारखं नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत कचेरी रिकामी असताना मी सतरावं पान फाडलं. एका झटक्यात फाटलं. बोळा करून टोपलीत टाकला. एकोणिसाव्या पानावर मेमधली तारीख घातली आणि लिहिलं, 'कांद्याची मान अडीच सेंटिमीटर राखून पात कापल्यास साठवणुकीतील सड लक्षणीयरीत्या कमी होईल.' तळाच्या तीन प्रकारांचा उल्लेख 'इतर बाबी' म्हणून केला. मग राहिला प्रश्न, एकाच ओळीत मान राखलेली का? त्यावर मी जे वाक्य लिहिलं ते मला आजही पाठ आहे: 'चौथ्या ओळीतील मजुरास मान राखून पात कापण्याची सूचना देण्यात आली होती.' आपल्या मराठीत ही मोठी सोय आहे. 'देण्यात आली' म्हटलं की कोणी दिली ते लिहावं लागत नाही.

समिती आली. स्वेटर घातलेले तीन गृहस्थ. नव्या साहेबांनी गद्रेसाहेबांनाही मानाने बोलावलं होतं. चाळीत राखून ठेवलेले नमुने एका सुपात घेऊन अनसूयाबाई दाराशी उभी होती. समितीतल्या एकाने मला विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं?

"निरीक्षणातून," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. फक्त कोणाच्या, ते राहिलं.

मग त्यांनी अनसूयाबाईकडे वळून हिंदीत विचारलं, "क्यों बाई, ऐसा काटने को किसने बोला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, "निकमसाहब बोल्या. वो जैसा बोल्या, वैसाच काट्या."

पाहुणे चहाला गेले. गद्रेसाहेब मात्र माझ्या टेबलाशी थांबले आणि सवयीने वही चाळू लागले. अनसूयाबाई सूप ठेवायला आत आली होती. त्यांचं बोट पानांच्या आकड्यांवरून सरकत होतं. सोळा. एकोणीस. पुन्हा मागे. सोळा. एकोणीस.

"निकम, सतरा कुठे आहे?"

"चहा सांडला, साहेब."

"चहा."

"हो."

"सतरावरच?"

"आणि अठरावर."

"अठरा पाठीमागेच असतं, निकम." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वही हळूच मिटली. "हरायला जागा ठेवली होती ना तुम्ही? मग हरायचं होतं." आणि ते नाशिकरोडच्या बसला गेले. त्यानंतर मी त्यांना दर दिवाळीला पत्र पाठवत राहिलो. उत्तर यायचं. त्यात हवापाण्याशिवाय काही नसायचं.

फाटकाशी अनसूयाबाई थांबली होती. म्हणाली, "निकमसाहेब, आता माझं तेवढं कायमचं बघा."

पुढच्याच आठवड्यात शिफारशीचे कागद आले. प्रत्येक रोजंदार मजुरापुढे एक रकाना, 'विशेष कामगिरी'. भरायचे मी. अनसूयाबाईच्या रकान्यात मला लिहायचं होतं, 'कांद्याची मान राखल्यास सड कमी होते हे स्वतःच्या निरीक्षणातून शोधले.' खरं होतं. पण त्याच टपालाने माझा अहवाल जाणार होता, आणि त्यात तिला सूचना 'देण्यात आली' होती. दोन्ही कागद एका टेबलावर एकत्र येणार. मी पेन उचललं. मग लिहिलं, 'वक्तशीर आहे. दिलेल्या सूचनांचे पालन करते.'

पंप चालवणाऱ्याच्या रकान्यात मीच लिहिलं होतं, 'बिघडलेला पंप स्वतःच्या कल्पनेने दुरुस्त केला.' तो कायम झाला. दुसरी जागा पहारेकऱ्याला गेली.

यादी फळ्यावर लागली त्या दिवशी अनसूयाबाई फळ्यासमोर उभी राहिली आणि एकेका अक्षराखाली बोट ठेवत दोन्ही नावं वाचली. मी खिडकीतून बघत होतो. मग ती माझ्या दारात आली.

"माझं नाव नाय."

"नाही."

"बरं," ती म्हणाली. सोमवारपासून ती आली नाही.

मला मात्र चांगले दिवस आले. मान राखण्याची शिफारस जिल्हाभर झाली. माझ्या नावाने पत्रक निघालं, 'कांद्याची मान राखा'. कचेरीतले लोक मला 'मानकरी' म्हणू लागले. एका तालुक्याच्या गावी शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. सूत्रसंचालक म्हणाले, ज्यांनी कांद्याला मान दिला त्यांचा आज आपण मान करतो आहोत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शालीखाली घामाघूम झालो होतो. बायको म्हणाली, "एवढा सत्कार झाला तरी तोंडातून शब्द नाही. कमाल आहे तुमची."

आठ वर्षं गेली. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात चांदवडच्या बाजूला एका मळ्यावर शेतकऱ्यांचा मेळावा होता. एका बाजूला मांडव, दुसऱ्या बाजूला कांद्याचा ढीग, आणि ढिगाभोवती पात कापणाऱ्या दहाबारा बाया. मी नेहमीचं भाषण केलं. एक शेतकरी उठून म्हणाला, "साहेब, कांदा काढताना अवकाळी पाऊस झाला, कांदा भिजला, तर मान किती ठेवायची?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता. "तेवढीच," मी म्हणालो. "अडीच सेंटिमीटर."

"नाय, नाय," ढिगाकडून आवाज आला. "भिजल्याल्या कांद्याची पात कापायचीच नाय. पातीसकट सुकू द्यायचा आधी. मग मान."

सगळ्यांनी तिकडे माना वळवल्या. मला वळवायची गरज नव्हती, आवाज ओळखीचा होता. मळ्याचे मालक कौतुकाने माझ्या कानात म्हणाले, "आमच्या मुकादमीण आहेत, अनसूयाबाई. त्यांची टोळी मिळावी म्हणून लोक महिनाभर आधी सांगून ठेवतात. तुमचं पत्रक तोंडपाठ दिसतंय त्यांना."

जेवणं सुरू झाली तसा मी ढिगापाशी गेलो. केस पांढरे झाले होते, हात तसेच चपळ.

"या, निकमसाहेब. पोतं टाक गं त्यांना बसायला."

मी बसलो. "अनसूयाबाई, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"सांगा की. हात चालू ठेवले तर चालंल ना?"

मी सांगितलं. फाडलेलं पान, घातलेली तारीख, 'सूचना देण्यात आली', आणि तो रकाना. आठ वर्षं बाळगलेली गोष्ट. ती एक पाटी भरेपर्यंत सांगून संपली.

"ते पान वाचलं व्हतं म्या," ती म्हणाली. "कचेरी झाडायला मीच व्हते ना. टोपलीतनं काढलं, बोळा उलगडला. चहाबिहा काय नव्हता त्याच्यावर. तुमी गद्रेसाहेबान्ला चहा सांडला म्हणालात तवा सूप हातातनं पडायचंच राहिलं माझ्या."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोलून कायम झाले आसते व्हय? म्हणलं, आपण यांची बाजू राखली, तर हे आपली राखतील."

ती दोनतीन कांदे कापून झाल्यावर पुन्हा म्हणाली, "आता तुमी सांगितलंच हाय, तर माझं पण ऐका. चौथ्या ओळीत सड कमी निघाली ना, ती नुसती मानेनं नाय."

"म्हणजे?"

"म्या कांदे निवडून भरले व्हते. ढिगातनं आधी मी उचलायचे. जोडकांदा, मार लागल्याला, वलसर, समदा त्या तिघींच्या वाट्याला सारला. माझ्या ओळीत निस्ता टणक माल."

"पण का?"

"दाराकडची ओळ व्हती. कोणपण साहेब आला की आधी तीच बघायचा. म्हणलं, आपली ओळ उठून दिसली तर आपलं काम हुईल."

मी पोत्यावर बसून हिशेब करत होतो. अहवाल, पत्रक, शाल, सगळं त्या निवडक कांद्यांवर उभं होतं.

"म्हणजे मानेचं खोटंच?"

"खोटं कशाला? मान खरी हाय. ती ठेवाच. पण तुमच्या कागदात लिवलाय तेवढा फरक एकट्या मानेचा नाय. निम्मा म्हणा."

मला हसू आलं. आधी जरासं, मग आवरेना. तीही हसली. तिचं बघून बाकीच्या बायापण हसायला लागल्या, त्यांना काहीच ठाऊक नसताना. इतक्या वर्षांत इतकं हलकं मला वाटलं नव्हतं. डोळे पुसत मी म्हणालो, "म्हणजे लबाडी तुम्हीही केलीत आणि मीही. चला, फिट्टंफाट झाली."

तिचा विळा पहिल्यांदाच थांबला.

"फिट्टंफाट कशी हुईल, साहेब? म्या केली ती कायम व्हायला. तुमी कशाला केलीत? तुमी तर कायमच व्हतात."